काका, फोटोतला तो चर माझ्या हातचा नाही

नमस्कार काका. काल रात्री तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार, खाली भिंतीचा फोटो, आणि लिहिलंय की साडेआठला येतो सांगून सव्वाअकराला आला, ५,००० रुपये घेतले, भिंत निम्मी काळीच ठेवली, चिऱ्यात म्हणजे जांभ्या दगडात चर पाडला आणि वर माणूस उर्मट. आधी उशिराबद्दल माफी मागतो. सकाळी पलीकडच्या वाडीत काम होतं, तिथे लाईट गेली आणि विहिरीचा पंप बंद, पाण्याशिवाय आमचं जोराच्या धारेने भिंती-अंगण धुवायचं मशीन काय कामाचं, त्यात दोन तास गेले. मी मेसेज टाकला होता पण तुमच्याकडे रेंज नसते हे मला माहीत होतं, कोणाला तरी सांगून निरोप द्यायला पाहिजे होता. गणपतीला चार दिवस राहिलेले, तुम्ही डोंबिवलीवरून रात्रभर प्रवास करून आलेले, घरात रंग द्यायचा बाकी, अशात माणूस वाट बघून चिडणारच. ते मान्य. सॉरी काका.

पण चराचं मला लिहावंच लागेल कारण तो फोटो आता सगळे बघतायत आणि कालपासून गुहागर साईडच्या दोन घरांनी फोन करून कॅन्सल केलंय. त्यातल्या एकांनी सरळ सांगितलं की आमची पण चिऱ्याची भिंत आहे, नको.

काका, मी सव्वाअकराला आलो, पाइप जोडून, टाकीतून पाणी ओढून, हवा काढून बारापर्यंत मशीन सुरू केलं. काम सुरू करायच्या आधी मी भिंतीचे फोटो काढतो, प्रत्येक कामाला काढतो. तुमच्या भिंतीचा १२ वाजून १० मिनिटांचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहे, त्यात तुळशीच्या मागचा तोच भाग आहे आणि तिथे चर नाही. एक वाजून गेल्यावर तुम्ही मागून हाक मारलीत, टाकी बघ रे जरा, पाणी संपत आलं वाटतं. मी मशीनची पाणी मारायची गन भिंतीला टेकवून मागे गेलो. माझ्या हाताखालचा पोरगा तेव्हा गाडीतून दुसरा पाइप काढत होता. मी पाच मिनिटांत परत आलो तर तुमच्या पुतण्याच्या हातात गन आणि त्याचा मित्र मोबाईल धरून रील काढतोय, आणि गनच्या तोंडाला लाल नोझल.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या गनला वेगवेगळ्या रंगाची नोझल येतात. पांढरं नोझल ४० डिग्रीचं, पाणी पंख्यासारखं पसरतं, हिरवं २५, पिवळं १५. लाल म्हणजे शून्य डिग्री, सगळं पाणी एका काडीएवढ्या धारेत. माझ्या मशीनच्या पाण्याचा दाब १७० बार आहे. गाडीच्या टायरमध्ये हवा असते सव्वादोन बारच्या आसपास, त्यावरून अंदाज करा. ती धार जवळून मारली तर चिऱ्यात जातेच, बुटातून पायात पण जाऊ शकते. लाल नोझल मी चिऱ्याला कधीच लावत नाही, ते लोखंडावरचा जुना गंज काढायला आणि गटाराच्या कोपऱ्यात बसलेलं खरवडायला ठेवलंय. तुमच्या भिंतीला मी पांढरंच लावलं होतं आणि तेही दीड फूट लांबून. म्हणूनच तुम्ही मला दोनदा म्हणालात ना, अरे जवळ घे जवळ घे, लांबून काय पाणी शिंपडतोस?

काका मी जवळ घेतलं नाही ते आळसाने नाही. माझे वडील गवंडी होते, चाळीस वर्षं त्यांनी चिऱ्याच्याच भिंती बांधल्या. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, मग हवेवर राहून राहून घट्ट होतो आणि वरती एक कडक साल धरतो. तुमच्या आजोबांच्या वेळची भिंत आहे, तिने ती साल किती पावसाळे खाऊन धरलीय. ती साल फोडली की आतली पिवळट माती उघडी पडते आणि मग प्रत्येक पावसात थोडी थोडी वाहून जाते. फोटो झूम करून बघा, चराच्या आत पिवळं दिसतंय आणि बाजूला सगळं तांबूस काळं आहे. चर एका रेषेत सरळ आहे, करंगळी जाईल एवढाच. पांढऱ्या नोझलने असा चर पाडायचा म्हटला तरी पडत नाही, कोणीही मशीनवाला सांगेल.

मशीन चालू ठेवून मी मागे गेलो ही चूक माझी. ट्रिगर सोडला की पाणी आतल्या आत फिरतं, इंजिन चालूच राहतं, आणि मला वाटलं दोन मिनिटांत येतो. बंद करायला पाहिजे होतं. आणि पुतण्यावर मी सगळ्यांसमोर ओरडलो तेही चुकलं, पाहुणे बसलेले होते, तुम्हाला ते लागलं असणार हे मला तेव्हाच कळलं कारण त्यानंतर तुम्ही माझ्याशी बोललाच नाहीत. पण काका मी का ओरडलो ते पण बघा. तो स्लीपर घालून उभा होता, गन खाली वळवली असती तर पायाचं काय झालं असतं? मला घाम फुटला होता. त्या घाबरण्यात आवाज चढला. चढलेल्या आवाजाबद्दल त्याची पण माफी मागतो, पण अडवलं त्याबद्दल नाही मागणार.

आता काळं राहिलं त्याबद्दल. चिऱ्यावर जे काळं आणि पांढुरके चट्टे असतात ते शेवाळ आणि दगडफूल, ते दगडाच्या भोकाभोकांत बसलेलं असतं. नुसत्या पाण्याने वरचं जातं, आतलं राहतं. त्याला आधी ब्लीचचं औषध पातळ करून मारायचं, पंधरा वीस मिनिटं थांबायचं, मग हलक्या पाण्याने धुवायचं. मी फोनवर पण विचारलं होतं आणि आल्यावर पण, तुम्ही म्हणालात औषध नको, विहीर जवळ आहे आणि काकूंची अबोली जास्वंद आहे. बरोबरच होतं तुमचं, मी पण विहिरीजवळ मारलं नसतं. पण मग मी तिथेच सांगितलं होतं की पूर्ण काळं जाणार नाही. अंगण आणि पायऱ्या मात्र बघा ना, फोटोत एक पण पायरी का नाही? त्या पायऱ्यांवर काकू घसरल्या होत्या जुलैमध्ये असं त्यांनीच सांगितलं, आता तिथे पाय ठरतो. तेवढं तरी लिहायचं होतं.

पैशांचं सांगतो. ५,५०० ठरले होते, उशीर झाला म्हणून ५,००० मीच घेतले, तुम्ही मागितलं नव्हतं. त्यात पोराची हजेरी, मशीनला आणि टेम्पोला पेट्रोल डिझेल, आणि कर्जाचा हप्ता. हे काम मी काही फार जुनं करत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा मी सावर्ड्याला मेव्हण्याच्या सेंटरवर गाड्या धुवायचो. पाणी उतरल्यावर तिथलं छोटं मशीन आणि भाड्याचा जनरेटर टेम्पोत घालून आम्ही बाजारपेठेत गेलो. फावड्याने वरचा चिखल निघायचा पण शटरच्या पट्ट्यांत, काउंटरखाली, फरशीच्या सांध्यात तो बसलेलाच. पहिले चार दिवस कोणाकडून पैसे घेतले नाहीत, कोण कोणाकडे मागणार तेव्हा. एक म्हातारे दुकानदार धुतलेल्या फरशीवर अनवाणी उभे राहून नुसते बघत होते, मग म्हणाले हे काम तू कर, लोकांना लागेल. मग मुद्रा कर्ज काढून हे पेट्रोलचं मशीन घेतलं. आमचा सीझन म्हणजे गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस आणि मग दिवाळीपासून मेपर्यंत होमस्टेवाले. भर पावसात रिकामा, हप्ता मात्र दर महिन्याला. म्हणून एका स्टारने काय होतं ते मुंबईत बसून नाही कळायचं. हे रागाने नाही लिहीत काका, खरंच नाही.

काकूंनी त्या दिवशी आम्हा दोघांना घावणे आणि चहा दिला, एवढी गडबड असताना. ते मी विसरलेलो नाही.

चराचं मी भरून देतो, एक रुपया घेणार नाही, चूक कोणाची का असेना मशीन माझं होतं. चिऱ्याची भुकटी आणि थोडं सिमेंट कालवून भरलं की एका पावसाळ्यात रंग बराच मिसळतो, वडिलांनी अशा किती भिंती सारख्या केल्यात, तेच माप मी घेईन. आता ओल आहे, धरणार नाही, पाऊस कमी झाला की येतो. इथून पुढे मशीन बंद केल्याशिवाय हलणार नाही, नोझलचा डबा गाडीतच ठेवीन, आणि वेळेचं पण बघतो, सीझनला दिवसात किती कामं घ्यायची ते जरा ठरवावं लागेल.

रिव्ह्यू काढा असं म्हणत नाही. उशीर झाला ते राहू दे, उर्मट पण राहू दे. फक्त चराची ती ओळ आणि तो फोटो, तेवढं एकदा पुतण्याला विचारून घ्या. त्याच्या मित्राच्या मोबाईलमध्ये रील असेल अजून. तुम्ही विसर्जनानंतर परत जाणार असाल तर किल्ली शेजारी ठेवा, मी येऊन भिंत भरून तुम्हाला फोटो पाठवतो.