काउंटर म्हणजे पळपुटेपणा नाही हो!

आमच्या ग्रुपवर काल परत तोच वाद. फुटबॉलमध्ये काउंटरवर (मागे थांबून चेंडू हिसकायचा आणि झटक्यात उलटा हल्ला चढवायचा) खेळणारा मॅनेजर म्हणे मोठ्या क्लबला शोभत नाही. असं कुणी म्हटलं की मला १३ जानेवारी २०१९ चा रविवार आठवतो. रात्री दहाची मॅच, लंडनच्या वेम्बलीवर टॉटेनहॅम विरुद्ध आपली मँचेस्टर युनायटेड. मोरिन्योला नारळ देऊन महिनाही झाला नव्हता, त्याच्या जागी सोल्शार तात्पुरता मॅनेजर म्हणून आलेला.

४४वं मिनिट. टॉटेनहॅमच्या ट्रिपियरचा पास आपल्या लिंगार्डने मधल्यामधे उचलला आणि चेंडू पोग्बाकडे गेला. पोग्बाने थेट बचावाच्या मागे लांबलचक पास टाकला, कारण रॅशफोर्ड आधीच सुटला होता. त्यांच्या गोलकीपर लोरिसचा कोपऱ्यात हात पोचेपर्यंत गोल, खेळ खल्लास. मी सोफ्यावरून ओरडलो, आतून आईने विचारलं, "काय पडलं रे?"

यात नशीब नव्हतं. त्या दिवशी लिंगार्ड मधे होता आणि रॅशफोर्ड-मार्शल दोन्ही कडांना. लिंगार्ड सारखा मागे सरकायचा, मग त्यांच्या सेंटर बॅकनी (मधल्या बचावपटूंनी) धरायचं कुणाला? आणि टॉटेनहॅमचे फुल बॅक (कडेचे बचावपटू) वर गेले की मागचं सगळं मैदान या दोघांना मोकळं. खेळाडू मोरिन्योचेच होते. फक्त चेंडू मिळाला की आधी पुढे बघायचं, एवढा फरक. (आता कमेंटमध्ये कुणीतरी 'गनिमी कावा' लिहिणार. लिहा बाबा.)

दुसऱ्या हाफमध्ये मात्र आपल्या गोलकीपर डी हेआने ११ शॉट वाचवले, त्यातले कितीतरी पायाने. म्हणजे काउंटरला पाठीमागे असा माणूस लागतो, हेही मान्य करू.

पुढे चॅम्पियन्स लीगमधली पॅरिसची रात्र, PSG विरुद्ध. पहिला लेग (दोन मॅचपैकी पहिली) घरी ०-२ हरलेलो, दहा जण संघाबाहेर, तरी तिकडे ३-१. २८ मार्चला सोल्शार कायम झाला. आपण सगळे खूश होतो, आता कुणी नाकारू नका.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. काउंटरसाठी समोरच्याने अंगावर यावं लागतं. मँचेस्टर सिटी यायची, म्हणून सिटीला आपण फोडायचो. बर्नलीसारखा छोटा क्लब कशाला येईल? २२ जानेवारी २०२० ला ओल्ड ट्रॅफर्डवर बर्नलीकडून ०-२. बरोबर एका आठवड्याने लीग कपमध्ये सिटीच्या घरी जाऊन १-० जिंकलो! टीम तीच, मॅनेजर तोच. चेंडू आपल्याकडेच ठेवून कुलूपबंद बचाव उघडायचा कसा, हे सोल्शारला तीन वर्षांत पुरतं जमलं नाही. मग नोव्हेंबर २०२१ मध्ये वॉटफर्डकडून १-४ आणि दुसऱ्याच दिवशी गच्छंती.

त्यामुळे नवा मॅनेजर आला की त्याच्या काउंटरचे व्हिडिओ मला पाठवू नका. त्याच्या आधीच्या टीमने तळाच्या क्लबविरुद्ध घरच्या मैदानावर काय केलं, ती मॅच पाठवा. पूर्ण नव्वद मिनिटांची.