शकुंतला आणि स्टीव्ह राइश

कापसाचे पैसे आले तेव्हा एक बरा स्पीकर घेतला. त्यावर मी काय ऐकतो हे कळल्यापासून पारावर टिंगल चालू आहे. ‘खेड्यात राहून इंग्रजांची सारंगी ऐकते हा!’

ऐकतो. आणि माझं म्हणणं आहे की हे संगीत आपल्याला शहरवाल्यांच्या आधी कळायला पाहिजे. चेंबर म्युझिक म्हणजे मुळात खोलीतलं संगीत. त्यातला स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे चौघांचा ताफा: दोन व्हायोलिन, एक व्हायोला (थोडं मोठं, जाड आवाजाचं व्हायोलिन), एक चेलो (त्याहून मोठा, खर्जातला). समोर उभं राहून काडी हलवणारा कोणी नाही. एकमेकांच्या तोंडाकडे पाहत वाजवायचं. आपलं खंजिरी भजन याहून वेगळं काय असते? अमेरिकन संगीतकार मॉर्टन फेल्डमनची दुसरी स्ट्रिंग क्वार्टेट रचना (१९८३) पूर्ण वाजवली तर सहा तासांच्या आसपास जाते म्हणून लोक तोंडात बोट घालतात. जागरणाला पहाटेपर्यंत टाळ कुटणाऱ्यानं कायले घालावं? (मला त्यात तासाभरात झोप लागते, ते सोडा.)

पण स्टीव्ह राइश या अमेरिकन संगीतकाराचं ‘डिफरंट ट्रेन्स’ (‘वेगळ्या गाड्या’) ऐकाच. १९८८ मध्ये क्रोनोस क्वार्टेट या चौघांच्या ताफ्यासाठी लिहिलेलं, अर्ध्या तासाच्या आत संपते. राइशचे आईवडील विभक्त झालेले, एक न्यूयॉर्कला, एक लॉस एंजेलिसला. १९३९ ते ४२ हे पोरगं दोघांच्या मधात आगगाडीनं येजा करायचं. मोठेपणी त्याच्या ध्यानात आलं, आपण ज्यू. त्या वर्षांत युरोपात असतो तर नाझींच्या छळछावणीकडे जाणाऱ्या वेगळ्याच गाडीत कोंबलो गेलो असतो. मग त्यानं लहानपणी आपल्याला सांभाळणाऱ्या बाईचा आणि रेल्वेतल्या एका म्हाताऱ्या नोकराचा आवाज टेपवर घेतला, छळछावणीतून वाचलेल्यांच्या आवाजाचे आधीचे टेप मिळवले. त्यांच्या बोलण्यातला चढउतार हीच चाल. बाई बोलली की व्हायोला तेच वाजवते, पुरुष बोलला की चेलो. खाली गाडीची धडधड.

आम्ही दारव्ह्याकडचे. शकुंतला म्हणजे आमच्याकडची छोट्या रुळांवरची गाडी, तिचा भोंगा ऐकत वाढलो. आता रुळावर गवत आहे. एका संध्याकाळी खोलीत कापसाचा ढीग, आजी त्याला टेकून बसलेली, तेव्हा हे लावलं. बाबा म्हणाले, ‘बंद कर, बातम्या लाव.’ आजी थोडा वेळ ऐकत राहिली. मग म्हणे, ‘गाडी त समजली. पण हे लोकं काहीतरी वाईट सांगून रायले नं बाप्पा?’

आजीला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही.

दुसऱ्या दिवशी तिचं ‘काहून वं माय’ मी फोनमध्ये टिपलं आणि मंडळाच्या पेटीवाल्या काकांकडे घेऊन गेलो. म्हटलं, वाजवून दाखवा. ‘काहून’ त्यांना लगेच सापडलं. ‘वं’पाशी अडले. चारदा ऐकलं, या पट्टीवर बोट, त्या पट्टीवर बोट, भाता सोडला.

‘हे दोन पट्ट्यांच्या मधात हाय,’ म्हणाले, ‘पेटीत नाही येत.’