एवढी एक शिक, लाइफ सेट

प्रोग्रामिंगची कुठलीही नवीन भाषा आयुष्यात येते ती कुणाच्या तरी तोंडून "एवढी एक शिकून घे, लाइफ सेट" असं ऐकवूनच येते. मला हे पहिल्यांदा ऐकवलं डिप्लोमाच्या सरांनी आणि भाषा होती सी. आता डेनिस रिचीने ती 1972 च्या आसपास बेल लॅब्समध्ये बनवली, युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम तिच्यात लिहिली गेली वगैरे सगळं मान्य, पण आमच्यासाठी सी म्हणजे टर्बो सी या सॉफ्टवेअरचा तो निळा स्क्रीन. जग कुठल्या कुठे गेलं तरी आमच्या लॅबमध्ये विंडोजवर डॉसबॉक्स (जुन्या डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम) टाकून त्यात 90 च्या दशकातला कंपायलर, म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्राम करून देणारं सॉफ्टवेअर, चालायचा, कंट्रोल एफ नाइन दाबलं की रन आणि आउटपुट बघायला ऑल्ट एफ फाइव्ह, कारण ते यायचं आणि बघेपर्यंत जायचं. म्हणून शेवटी गेटसीएच लिहायचं, म्हणजे कळ दाबेपर्यंत प्रोग्राम थांबतो. का लिहायचं असं विचारलं की सर म्हणायचे, "जर्नलमध्ये आहे ना, मग लिही." व्हॉइड मेनचं, म्हणजे मुख्य फंक्शन सुरू करायच्या ओळीचं, पण तेच. स्टँडर्डमध्ये इंट मेन आहे हे नोकरी लागल्यावर कळलं, तोवर सबमिशन, व्हायवा, एक्स्टर्नल सगळं व्हॉइड मेनवर निघालं होतं.

मग पुण्यात जावाचा क्लास. हिचं मूळ नाव ओक, तिचा कर्ता जेम्स गॉस्लिंग याच्या ऑफिसबाहेर ते झाड होतं म्हणून. किती साधं नाव! पुढे मात्र या लोकांना काय झालं देव जाणे, जावाच्या स्प्रिंग नावाच्या फ्रेमवर्कमध्ये (तयार कोडच्या सांगाड्यात) ॲबस्ट्रॅक्ट सिंगलटन प्रॉक्सी फॅक्टरी बीन नावाचा क्लास आहे. खरोखर आहे, थट्टा नाही.

जावा शिकून नोकरी मिळाली पीएचपीत, म्हणजे वेबसाइट बनवायच्या भाषेत. (असंच असतं.) पीएचपीत एखादी गोष्ट शोधायची तर स्ट्रपॉसला (मजकुरात शोधणारं फंक्शन) आधी कशात शोधायचं ते सांगा मग काय शोधायचं ते, आणि इन ॲरेला (यादीत शोधणारं) बरोब्बर उलटं, आधी काय मग कशात. हे ज्याच्या लक्षात राहतं त्याच्या मी पाया पडायला तयार आहे.

मग आली जावास्क्रिप्ट, ब्राउझरमध्ये वेबपेजला हलतं-बोलतं करणारी भाषा. जावाशी हिचं नातं फक्त आडनावाचं. नेटस्केप या ब्राउझर कंपनीत ब्रेंडन आइकने 1995 साली हिचं पहिलं रूप 10 दिवसांत उभं केलं, म्हणजे गणपती बसल्यापासून विसर्जनापर्यंत, आणि ती घाई अजून दिसते. अवतरणात 11 लिहून त्यात 1 मिळवा, 111 येतात. तेच 11 घेऊन 1 वजा करा, बरोबर 10. म्हणजे वजाबाकी येते, बेरीज येत नाही, अशी मुलगी पहिलीत नापास झाली असती पण इथे सगळं जग तिच्यावर चाललंय. आणि तेही कसं, तर मार्च 2016 मध्ये एकाने लेफ्टपॅड नावाचं 11 ओळींचं पॅकेज (सगळ्यांनी वापरायचा तयार कोड) रागाने काढून टाकलं आणि जगभरातल्या मोठमोठ्या प्रोजेक्टची बिल्डं, म्हणजे कोड जुळवून प्रोग्राम तयार करायची कामं, धडाधड पडली. 11 ओळी, ज्या काय करायच्या तर शब्दाच्या डावीकडे स्पेस भरायच्या!

गंमत म्हणजे भाषा बदलल्या तरी माझं काम तसूभर बदललेलं नाही. फॉर्म भरून घ्या, टेबलात टाका, महिनाअखेरीला रिपोर्ट काढा, आणि रिपोर्ट बघून साहेब म्हणणार, "एक्सेलमध्ये मिळेल का?"

पायथॉनच्या वेळी तर शेजारच्या काकूच म्हणाल्या, "आमचा नातू पाचवीत आहे, पायथॉन करतो, काही अडलं तर विचार हो त्याला." अडायचं काय, तर स्पेस. एक स्पेस इकडची तिकडे झाली की प्रोग्राम रुसलाच, वर जुना कोड पायथॉन दोनचा, तिथे प्रिंटला (स्क्रीनवर दाखवायच्या आज्ञेला) कंस नाही आणि तीनमध्ये कंस पाहिजेच, आणि दोनचा सपोर्ट 2020 च्या 1 जानेवारीला संपला तरी क्लायंट म्हणणार, "चालतंय ना, मग कशाला हात लावताय?"

हल्ली सगळे रस्ट या भाषेचं नाव काढतात. मीही मोठ्या उत्साहाने पुस्तक उघडलं होतं, तेवढ्यात मॅनेजरचा फोन. नवीन प्रोजेक्ट आलंय, बँकेचं, जुनी सिस्टिम आहे, भाषा कोबोल. 1959 ची! आमचे बाबासुद्धा तिच्यापेक्षा लहान. "सोपी आहे रे, इंग्लिशसारखीच आहे," मॅनेजर म्हणाले. तर आता मी कोबोल शिकतोय. वाक्य संपलं की पूर्णविराम द्यावा लागतो, आणि जुन्या पद्धतीत पहिले 6 कॉलम नंबरांना, सातवा कॉमेंटच्या चांदणीला, मथळे आठव्यापासून आणि खरा कोड बाराव्यापासून, कारण कधीकाळी हे सगळं 80 कॉलमच्या पंचकार्डावर भोकं पाडून लिहायचे. काकूंच्या नातवाला विचारलं, तो म्हणाला, "दादा, हे आम्हाला सिलॅबसला नाहीये."