खुलासा : ‘सगळा कचरा जाळा, वीज मिळेल’ हे खरं नाही

कोल्हापुरात एक संदेश फिरतोय : ओला-सुका वेगळा करायची गरज नाही, सगळा कचरा भट्टीत टाकला की वीज तयार. हे चूक आहे.

इंधन न ओतता भट्टी पेटती राहायला कचऱ्याचा उष्मांक (जळताना मिळणारी उष्णता) किलोमागे साधारण १,५०० ते १,७०० किलोकॅलरी लागतो. एक लिटर पाण्याची वाफ करण्यातच सुमारे ५८० किलोकॅलरी जातात. मंडईतला पाला, उष्टं अन्न, फळांच्या साली यांत निम्म्याहून जास्त पाणी. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर कचरा अक्षरशः निथळतो. वर गटारातला गाळ आणि झाडलोटीची माती, जी जळतच नाही. मग डिझेल ओतावं लागतं किंवा तापमान ८५० अंशांखाली घसरतं, आणि प्लॅस्टिकमधून डायॉक्सिनसारखी विषं निघायचा धोका वाढतो. दिल्लीत तिमारपूरला १९८७ मध्ये रोज ३०० टन क्षमतेची भट्टी उभारली होती. कमी उष्मांकाच्या कचऱ्यामुळे ती बंद पडली.

ओल्याची जागा बायोगॅस संयंत्रात. चांगल्या वेगळ्या केलेल्या एका टनातून साधारण ८० ते १०० घनमीटर गॅस मिळतो. सुरुवात शेणकाल्याने करा, भरणा हळूहळू वाढवा. एकदम भरलं तर आम्लता वाढते, सामू (आम्लता दाखवणारा pH आकडा) ६.५ च्या खाली गेला की मिथेन, म्हणजे गॅसमधला जळणारा वायू, बनणं मंदावतं आणि थांबूही शकतं. अशा वेळी भरणा थांबवून चुन्याची निवळी घालतात. करवंट्या, हाडं, पिशव्या आत गेल्या की पंप तुंबतो. गॅस वीज बनवणाऱ्या इंजिनात सोडण्याआधी त्यातला गंधकाचा वायू गाळला नाही तर इंजिनाचा धातू गंजतो.

भट्टीसाठी उरतो तो फक्त कोरडा, पुनर्वापर न होणारा कचरा.