सप्लाय बारावर आणला म्हणजे रिग थंड होत नाही

उन्हाळा लागल्यापासून आपल्या हॅम (हौशी रेडिओवाल्या) मंडळींच्या मोबाइलवर एक सल्ला फिरतोय. माझ्याकडे तो चार वेगवेगळ्या लोकांकडून आला, आणि चौघेही चांगले जाणते. सल्ला असा: रिग, म्हणजे आपला रेडिओ सेट, १२ व्होल्टची असते आणि आपण तिला १३.८ देतो. वरचे १.८ व्होल्ट नुसते उष्णतेत जातात. म्हणून सप्लाय (घरातल्या विजेवरून रिगला वीज देणारा डबा) १२ वर आणा, मे महिन्यात तर ११.५ वर. रिग गार राहील, फायनल (सिग्नल अँटेनाकडे ढकलणारे शेवटचे) ट्रान्झिस्टर वाचतील. बॅटरी तरी कुठे १३.८ ची असते?

ऐकायला पटतं. इंदूरला पारा चाळिशीच्या वर गेला, पत्र्याखालच्या खोलीत रिगच्या पाठीवर हात ठेववेना, की माणूस काहीही करून पाहतो. पण हा सल्ला ऐकून रामबागेतल्या नुकताच परवाना मिळालेल्या एका मुलाने आपल्या सेटची काय अवस्था केली ती मी डोळ्यांनी पाहिली, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर लिहितोय.

आधी ‘१२ व्होल्टची रिग’ हे प्रकरण. १२ हे नुसतं नाव आहे. गाडीत बसवायच्या सेटला मिळतो तो इंजिन चालू असतानाचा दाब, म्हणजे पावणेचौदाच्या आसपास. लेड-ॲसिड बॅटरी चार्जवर लावून ठेवली की दर सेलला २.३ व्होल्ट, सहा सेलचे १३.८. हा आकडा तिथूनच आलाय. आयकॉमच्या आयसी-७१८ ची किंवा आयसी-७३०० ची पुस्तिका उघडा. तिथे १३.८ व्होल्ट, अधिक-उणे १५ टक्के, असं स्वच्छ छापलंय. म्हणजे खाली ११.७ आणि वर १५.८७. तेव्हा १३.८ म्हणजे काही ‘वरचे’ व्होल्ट नव्हेत, सेट त्याच आकड्यावर बेतलेला असतो. ११.५ मात्र मर्यादेच्या खाली जातं, आणि तेसुद्धा सप्लायच्या टर्मिनलवर. रिगपर्यंत पोचेपर्यंत त्याचं काय होतं ते पुढे येईलच.

आता मुख्य मुद्दा: व्होल्टेज कमी केलं की उष्णता कमी होते. यात थोडं तथ्य आहे आणि ते मी लपवणार नाही. एसएसबीच्या (आवाज पाठवायच्या पद्धतीच्या) फायनलला लागणारा करंट ठरतो तो मुख्यतः तुम्ही किती वॅट बाहेर काढता यावर. समजा १०० वॅटची रिग ५० वर ठेवली आणि ती १४ अँपिअर घेतेय. १३.८ ला आत गेले १९३ वॅट, अँटेनाकडे गेले ५०, सेटमध्ये उरले १४३. तेच १२ ला केलं तर आत १६८, बाहेर ५०, उरले ११८. पंचवीस वॅट वाचले. हात लावला तर फरक कळेल, आणि हा अनुभव घेऊनच लोक सल्ला पुढे पाठवतात.

पण ते पंचवीस वॅट गेले कुठे? आपल्याकडे अजून पुष्कळांच्या टेबलाखाली लिनियर सप्लाय आहे. महाराणी रोडवरून सुटे भाग आणून घरी जुळवलेला, जाड ट्रान्सफॉर्मर, चार २एन३०५५ ट्रान्झिस्टर आणि मागे उष्णता सोडणारी काळी हीटसिंक. त्याच्या कपॅसिटरवर लोडखाली समजा २० व्होल्ट आहेत. तुम्ही १३.८ मागता तेव्हा मधले ६.२ व्होल्ट ट्रान्झिस्टर खातात: १४ अँपिअरला ८७ वॅट. १२ मागितले की त्यांना ८ व्होल्ट खावे लागतात: ११२ वॅट. आता बेरीज करा. १४३ आणि ८७, एकूण २३०. ११८ आणि ११२, एकूण २३०. एक वॅटही कमी झाला नाही. रिगमधली उष्णता उचलून टेबलाखाली ठेवली, एवढंच झालं. त्याच बंद खोलीत, त्याच पंख्याच्या वाऱ्यात.

आणि नेली कुठे? जिथे ती सोसायची ताकद कमी आहे तिथे. २एन३०५५ वर ११५ वॅट लिहिलेले असतात ते त्याची केस (धातूचं कवच) २५ अंशांवर असताना. केस १०० अंशांना पोचली की हीच ताकद ६५ वॅटच्या आसपास उतरते. खोलीतच ४२ अंश असतील तर पंचविशीच्या हिशेबापेक्षा सतरा अंश सुरुवातीलाच जमा. त्यात रात्री उशिरा कॉलनीतला लोड उतरला की मेन्सचा, म्हणजे घरातल्या विजेचा, दाब चढतो. माझ्या मीटरवर मी २५० च्या पुढे पाहिलाय. २३० वर २० व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर तेव्हा पावणेबावीसच्या जवळ जातो आणि १४ अँपिअरला आणखी २४ वॅट त्याच चार ट्रान्झिस्टरांच्या डोक्यावर. डीएक्ससाठी (दूरदूरच्या स्टेशनांसाठी) आपण बसतो ती नेमकी हीच वेळ. काहींनी सप्लायचा पंखा त्याच्याच आउटपुटवर जोडलेला असतो. व्होल्टेज उतरवलं की तोही मंदावतो, म्हणजे उष्णता वाढली आणि वारा कमी झाला.

एसएमपीएस (वेगाने चालू-बंद करून व्होल्टेज उतरवणारा सप्लाय) असेल तर ही अदलाबदल होत नाही, वाचलेले वॅट खरंच वाचतात. मग तिथे १२ ठेवावं का? पूर्ण पॉवर हवी असेल तर नाहीच. फायनलला स्वच्छ, न कापलेला सिग्नल किती देता येईल हे व्होल्टेजच्या वर्गावर (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) ठरतं. १३.८ ला १०० वॅटपर्यंत नीट जाणारी रिग १२ ला साधारण ७५ वॅटपर्यंतच नीट जाईल. रिगच्या पॉवरचा नॉब मात्र शंभरावरच असतो. मग एएलसी (रिगची पॉवर आपोआप सांभाळणारी यंत्रणा) रेटत राहते, आवाजाचे शेंडे कापले जातात आणि तुमचा कचरा शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर सांडतो. ४० मीटरवर आपल्याला ७.० ते ७.२ एवढीच पट्टी आहे. सकाळी तिथे अर्धा देश बसलेला असतो. आपली रिग गार राहावी म्हणून दुसऱ्याचा क्यूएसओ (चाललेला संवाद) बिघडवायचा हे मला मान्य नाही.

इथे उलट बाजूच्या मंडळींनाही एक सांगायचंय. ‘व्होल्टेज कमी केलं की रिग जास्त करंट ओढते आणि जळते’ असं उत्तर काहींनी दिलंय. लॅपटॉपचं तसं होतं, कारण त्याच्या आत स्विचिंगचं सर्किट वॅट कायम राखतं. लिनियर फायनल तसा वागत नाही. चुकीच्या सल्ल्याला चुकीच्या कारणाने खोडलं की सल्ला देणारा आणखी घट्ट होतो.

सल्ल्यात रिगच्या आतल्या रेग्युलेटरचंही (जास्तीचे व्होल्ट खाऊन ठरावीक व्होल्टेज देणाऱ्या भागाचंही) नाव घेतलंय. आतल्या ८ व्होल्टच्या लाइनवर अर्धा अँपिअर जात असेल तर १.८ व्होल्टचे होतात ०.९ वॅट. वरच्या १४३ च्या शेजारी ठेवून बघा.

आता त्या मुलाची गोष्ट. बडोद्याच्या एका ओळखीच्या मराठी हॅमने त्याला सांगितलं होतं, ‘आवाज फाटतोय रे तुझा.’ म्हणून त्याने मला बोलावलं. जिना चढून वर गेलो. पत्र्याची खोली, रिग टेबलावर, आणि सप्लाय लांब कोपऱ्यात, ‘गरम हवा लागू नये’ म्हणून. मध्ये चार मीटर वायर.

‘काका, ११.५ केलंय तरी तापतेच. आणि जोरात हॅलो म्हटलं की कधी कधी बंदच पडते.’

डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रेझिस्टर) लावला, सीडब्ल्यूवर (मोर्सच्या अखंड सुरावर) की दाबली. सप्लायवर ११.५, करंट १८ अँपिअर. रिगच्या पाठीमागच्या कनेक्टरवर मीटर लावला: ९.८. मुलगा मीटरकडे बघतच राहिला. १.७ व्होल्ट वाटेत गेले होते. वायर अडीच स्क्वेअर मिलिमीटरची. घरातल्या प्लगला ती ठीक असते, पण चार मीटर जाऊन चार मीटर परत म्हणजे ०.०६ ओहम, आणि तेवढ्यात एक व्होल्टच्या वर जातो. उरलेला फ्यूज होल्डरमध्ये. होल्डरचं पांढरं प्लास्टिक एका बाजूने चहासारखं तपकिरी झालं होतं, आतली पत्ती निळसर पडलेली, आणि नुसतं दाबल्यावर मीटरचा आकडा हलत होता. ०.६ व्होल्ट गुणिले १८, जवळजवळ ११ वॅट, बोटाच्या पेराएवढ्या जागेत. सोल्डरिंग आयर्नसारखंच झालं ते. आग लागली असती तर तिथून.

‘हे कधीपासून असं आहे?’ मी विचारलं.

‘माहीत नाही. मी फक्त रिगलाच हात लावून बघायचो.’

बॅटरी १२ ची असते हा मुद्दाही इथेच मिटतो. पूर्ण भरलेली बॅटरी विसाव्यावर १२.६-१२.७ दाखवते. फील्ड डेला (मैदानात बॅटरीवर सेट चालवायच्या दिवशी) आपण ती जाड, आखूड वायरने लावतो आणि पॉवर उतरवून चालवतो. चार मीटर बारीक वायर लावून ११.५ वर १०० वॅट मागत नाही.

मग त्याची रिग तापत कशाने होती? एफटी८ ने, म्हणजे संगणकाने सुरांतून छोटे संदेश पाठवायच्या पद्धतीने. संध्याकाळभर १०० वॅटवर. १५ सेकंदांच्या पाळीत १२.६४ सेकंद अखंड सूर जातो. बोलताना शब्दांमध्ये फायनलला श्वास मिळतो तसा इथे मिळत नाही. शिवाय रिगच्या पंख्याच्या जाळीवर धुळीचा नमदा बसला होता आणि पाठ भिंतीला टेकलेली. या तीन गोष्टींचा सल्ल्यात उल्लेखच नाही.

फायनल वाचतील, हा शेवटचा दावा. व्होल्टेजने फायनल जातात ते १३.८ मुळे नाही. लिनियर सप्लायमधला एखादा २एन३०५५ उष्णतेने शॉर्ट होतो आणि कपॅसिटरवरचे वीस व्होल्ट सरळ रिगमध्ये शिरतात, तेव्हा जातात. आउटपुट उतरवून आपण याच ट्रान्झिस्टरांना जास्त भाजतो. त्यावरचा उपाय क्रोबार: आउटपुट १५-साडेपंधराच्या वर गेलं की एससीआर (एक इलेक्ट्रॉनिक स्विच) पेटून फ्यूज उडवतो. काही शे रुपयांचं काम. घरी जुळवलेल्या कितीतरी सप्लायमध्ये ते नसतं आणि त्याबद्दल कोणी मेसेज पाठवत नाही. लाखाच्या घरातली रिग विकत घेणाऱ्या मुलाला आधी हे सांगायला हवं.

एका ठिकाणी मात्र सल्ला बरोबर आहे. अशर फरहान यांचा मायक्रोबिटएक्स किंवा तसं घरी जुळवायचं छोट्या रिगचं किट वापरत असाल तर १२ च ठेवा. तिथे ७८०५ रेग्युलेटर बऱ्याचदा हीटसिंकशिवाय उभा असतो. तो २०० मिलिअँपिअर देत असेल तर १२ ला १.४ वॅट, १३.८ ला १.७६ वॅट, आणि उघड्या टीओ-२२० ला (त्या रेग्युलेटरच्या छोट्या कवचाला) तेवढंही फार होतं. मला वाटतं हा सल्ला मुळात कुणा किटवाल्याचा असावा आणि हातोहाती जाताना ‘किट’ हा शब्द गळला.

त्या मुलाचा सप्लाय टेबलाशेजारी आणला. सहा स्क्वेअरची वायर, दोन मीटर. नवा होल्डर, पत्त्या घट्ट दाबून. आउटपुट १३.८. रिग भिंतीपासून वीतभर पुढे, जाळी ब्रशने साफ. एफटी८ ला ३० वॅट. की दाबल्यावर रिगच्या पाठीमागे १३.५. त्याने पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

‘आवाज बघा ना काका,’ म्हणाला आणि ४० मीटरवर बडोद्याला हाक मारली. तिकडून पहिलंच वाक्य आलं, ‘आज माईक बदललास का रे?’

हा सल्ला ज्यांनी पुढे पाठवला त्यांनी एकदा डमी लोड लावून, की दाबून, दोन आकडे घ्यावेत: एक सप्लायच्या टर्मिनलवर आणि एक रिगच्या पाठीमागच्या कनेक्टरवर. दोघांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक निघाला तर सप्लायच्या नॉबला हात लावू नका, फ्यूज होल्डर उघडून बघा.