लोडर अडकणं, बॉल फुटणं, सेल उतरणं: तुमच्या एक ताऱ्याच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार.

तुम्ही लिहिलं आहे की आमच्याकडून घेतलेला पेंटबॉलचा मोटरवाला लोडर (मार्करवर, म्हणजे पेंटबॉलच्या बंदुकीवर बसून तिला बॉल पुरवणारा डबा) तिसऱ्याच गेमला अडकला, बॉल आतल्या आत फुटले, सेल एका दिवसात उतरले आणि काउंटरवर ‘फुटलेल्या पेंटला (म्हणजे बॉलला) वॉरंटी नाही’ एवढंच सांगून तुम्हाला परत पाठवलं. तुम्ही ठेवून गेलेला लोडर पूर्ण उघडून तपासला आणि मगच हे लिहायला घेतलं. तोच लोडर आणि तोच स्प्रिंगचा संच इतरांनीही नेला आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

आधी आमची चूक. मार्कर कोणता आहे हे न विचारता आम्ही तुम्हाला फोर्स-फीड (बॉल दाबाने पुढे ढकलणारा) लोडर दिला आणि वर ‘वेग वाढवणारी’ कडक स्प्रिंगही दिली. तुमचा मार्कर मेकॅनिकल (इलेक्ट्रॉनिक्स नसलेला) आहे, ब्रीचमध्ये (नळीमागे बॉल बसतो त्या जागेत) बॉल आला की नाही हे पाहणारे आय, म्हणजे सेन्सर, त्यात नाहीत. अशा मार्करसाठी ही जोडी चुकीची होती.

साध्या, बिनमोटरच्या लोडरमध्ये (हॉपरमध्ये) बॉल स्वतःच्या वजनाने उतरतो. तोंडाशी दोन-तीन बॉल एकमेकांना टेकून कमान धरतात आणि वरचे सगळे थांबतात, म्हणून खेळाडू मार्कर सारखा हलवत असतो. ढवळणाऱ्या लोडरमधलं मोटरचं पातं ही कमान मोडत राहतं, पण बॉल खाली येतो तो वजनानेच. फोर्स-फीडमध्ये मोटर चक्र फिरवून स्प्रिंगला ताण देते आणि तो ताण फीडनेकमधल्या (लोडर बसतो त्या मार्करच्या मानेतल्या) बॉलच्या रांगेवर कायम राहतो. बोल्ट (बॉलला नळीत ढकलणारा दांडा) मागे सरकला की पुढचा बॉल तत्क्षणी आत. आय असलेल्या इलेक्ट्रॉनिक मार्करला हेच हवं असतं, कारण बॉल पूर्ण बसल्याशिवाय तो बोल्ट पुढे सोडत नाही.

तुमच्या मार्करमध्ये बॉलला अडवून धरणारा एकच भाग आहे, तो म्हणजे डिटेंट. डिटेंट झिजला असेल तर मागचा दाब पहिल्या बॉलला नळीत ढकलतो आणि दुसरा त्याच्या जागी येतो. बॉल मापाला लहान असला तर ब्रीचमध्ये तो खोल बसतो, त्याच्यावरचा बॉल थोडा आत डोकावतो आणि बोल्ट त्याला कापून जातो. शिवाय अनेक मेकॅनिकल मार्कर प्रत्येक शॉटला थोडी हवा फीडनेकमधून वर फेकतात. वरून स्प्रिंग दाबते, खालून हवा धक्का देते आणि मधल्या मध्ये जिलेटिनचं पातळ कवच मार खातं.

तुम्ही तीन तक्रारी लिहिल्या आहेत, पण लोडर उघडल्यावर दिसलं की त्यांची साखळी एकच आहे. चक्राच्या कप्प्यात आणि नेकच्या खालच्या कडेला कवचाचे तुकडे रुतलेले होते. कडक स्प्रिंगमुळे बॉल फुटला, तुकड्याने चक्र अडवलं आणि मोटर जागच्या जागी जोर लावत राहिली. अडकलेली मोटर फिरत्या मोटरपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते, म्हणून सेल उतरले. सेल उतरल्यावर उलटं फिरून अडथळा काढायची ताकद मोटरमध्ये उरली नाही. त्यात भर म्हणजे आत दोन अल्कलाइन आणि एक रिचार्जेबल असे तीन सेल होते. सेल एकामागे एक जोडलेले असताना सर्वात कमकुवत सेल आधी रिकामा होतो आणि बाकीचे दोन त्यातून जबरदस्तीने करंट वाहवतात. सेल नेहमी एकाच प्रकारचे, एकाच वेळी घातलेले असावेत. हे आम्ही विकताना सांगायला हवं होतं.

‘आता ३.७ व्होल्टचे लिथियम सेल टाकून बघतो’ असंही तुम्ही लिहिलं आहे. कृपया टाकू नका. ते आकाराने बरोबर बसतात, पण पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येकी ४.२ व्होल्ट देतात. तीन मिळून १२.६ होतात, आणि लोडरमधला सर्किट बोर्ड तीन अल्कलाइन सेलच्या ४.५ व्होल्टसाठी बनलेला आहे. बोर्ड जाईल, मोटरही जाऊ शकते. थंडीत खेळायचं असेल तर १.५ व्होल्टचे लिथियम सेल घ्या. ते वजनाला हलके असतात आणि गारठ्यात अल्कलाइनसारखे मान टाकत नाहीत.

एका मुद्द्यावर मात्र आम्ही सहमत नाही. लोडर ‘मुळातच खराब माल’ नाही. मूळ स्प्रिंग आणि तीन नवे अल्कलाइन सेल घालून, इलेक्ट्रॉनिक मार्करवर तो २०० बॉल भरून तीनदा रिकामा केला. एकही बॉल फुटला नाही. तुमच्या खोक्यातले उरलेले बॉल मात्र ठिसूळ निघाले. छातीच्या उंचीवरून फरशीवर सोडले तर पहिल्याच आपटीत फुटत होते. बरा बॉल निदान एकदा उसळतो. थंडीत कवच कडक होऊन तडकतं, दमट हवेत बॉल फुगतो आणि चक्राच्या कप्प्यात घट्ट बसतो. कोणताही लोडर दोन्हीसमोर हरतो.

वेगाच्या आकड्यांबद्दल. खोक्यावर सेकंदाला ३० किंवा त्याहून जास्त बॉल असं छापलेलं असतं आणि विकतानाही तोच आकडा पुढे केला जातो. आम्हीही तेच केलं. पण मोठ्या स्पर्धांत मर्यादा सेकंदाला १० च्या आसपास असते, आणि त्या वेगाने २०० बॉलचा लोडर २० सेकंदांत रिकामा होतो. म्हणजे अखंड १५ देणारा लोडर इलेक्ट्रॉनिक मार्करलाही पुरून उरतो. मेकॅनिकल मार्करवर बोटाने ट्रिगर ओढणाऱ्याचा वेग बहुतेक वेळ त्याच्या निम्म्यावरच असतो. तिथे ढवळणारा लोडर घ्यावा. त्यात भाग कमी, दाब नाही आणि पेंट कसंही असलं तरी तो जास्त सोसतो.

वेगापेक्षा आम्ही आता वजन आणि उघडण्याची सोय आधी बघायला सांगतो. ०.६८ इंची बॉल साधारण ३ ग्रॅमचा असतो, म्हणजे २०० बॉलचे ६०० ग्रॅम मार्करच्या डोक्यावर आले. मैदानात स्क्रूड्रायव्हरशिवाय उघडत नसेल तर पहिला बॉल फुटला की तो गेम तुमच्या हातून गेलाच.

सुधारणा करायची तर सुरुवात मार्करच्या नव्या डिटेंटपासून करा. भाग छोटा आहे, पण फरक सर्वात मोठा पडतो. मग झाकणाऐवजी स्पीड-फीड बसवा, त्याच्या लवचिक बोटांमधून बॉल थेट ओतता येतात. पावसात मात्र झाकणच हवं. फीडनेकचा क्लॅम्पही बघा. लोडर हलू नये म्हणून लोक तो इतका आवळतात की लोडरची मान चपटी होते आणि बॉल तिथेच अडतो. तुमच्या लोडरच्या मानेवर तसा वळ दिसतो आहे. लोडर हाताने किंचित फिरवता येईल, पण धक्क्याने डुलणार नाही, एवढंच आवळायचं. शॉटच्या कंपनावर चालू होणाऱ्या लोडरची संवेदनशीलता मेकॅनिकल मार्करवर कमी ठेवावी, कारण मार्करमधल्या हातोड्याच्या धक्क्याने मोटर विनाकारण फिरते. कडक स्प्रिंगची पाळी सगळ्यात शेवटी, तीही आय असलेल्या मार्करवर आणि ताज्या पेंटसोबतच.

बॉल फुटला तर लोडर काढून सगळे बॉल ओता आणि ओल्या फडक्याने आतून पुसा. काडीने ढोसू नका. घरी गेल्यावर प्लास्टिकचे भाग सुटे करून कोमट पाण्यात मऊ ब्रशने धुवा, बोर्ड आणि मोटर पाण्यापासून दूर ठेवा, सगळं पूर्ण वाळल्यावरच जोडा. थिनर, पेट्रोल किंवा स्प्रे वापरला तर प्लास्टिकला चिरा पडतात. तेल अजिबात नको, ते बॉलला लागून नळीत जातं आणि नेम बिघडतो. भरलेला लोडर रात्रभर तसाच ठेवू नका, स्प्रिंगच्या दाबाने बॉल चेपतात.

काउंटरवर तुम्हाला सांगितलेला नियम कागदावर बरोबर आहे. पण इथे बॉल फुटायला आमची स्प्रिंग कारण झाली, त्यामुळे तो तुम्हाला लावणं चूक होतं. हा लोडर आम्ही परत घेतो आणि ढवळणारा देतो. किमतीतला फरक आणि स्प्रिंगच्या संचाचे पूर्ण पैसे तुम्हाला परत मिळतील. पुढे इलेक्ट्रॉनिक मार्कर घ्यायचा विचार असेल तर हाच लोडर मूळ स्प्रिंग, नवी मान आणि नवे सेल घालून देऊ, खर्च आमचा. कडक स्प्रिंग आम्ही संचातून काढली आहे, आणि मार्कर विचारल्याशिवाय ती आता कुणालाही देत नाही. ज्यांनी तो संच मेकॅनिकल मार्करसाठी नेला आहे त्यांनी स्प्रिंग आणून द्यावी, पैसे परत करू.

येताना मार्कर सोबत आणा, हवेची टाकी काढून. ज्या खोक्यातले बॉल वापरता त्यातले दहा-बाराही घेऊन या. डिटेंट किती झिजला आहे आणि ते बॉल तुमच्या ब्रीचमध्ये किती खोल बसतात हे तुमच्यासमोरच तपासू आणि मग कोणता लोडर ते ठरवू.