थेंबभर रक्त आणि अण्णांचा आयएनआर

मागच्या महिन्यात सांगलीहून भावाचा फोन आला, अण्णांचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, 1.6 आलाय. अण्णांच्या हृदयात मेटलचा व्हॉल्व्ह आहे, मिरजेत ऑपरेशन झालं त्याला बारा वर्षं झाली, तेव्हापासून रक्त पातळ करायची गोळी रोज आणि आयएनआर अडीच ते साडेतीनच्या मधे ठेवायचा. खाली गेला की गुठळीची भीती, वर गेला की रक्तस्रावाची. आणि त्या महिन्याची टेस्ट वेळेवर झालीच नव्हती, कारण विश्रामबागेत एका मोफत शिबिरात अण्णांच्या हातात धातूची कांडी दिली आणि मिनिटभरात भलामोठा रिपोर्ट काढून दिला, त्यात छापलेलं 'रक्ताभिसरण उत्तम'. अण्णा म्हणाले, मशिननं सांगितलंय की, आता कशाला परत सुई टोचून घ्यायची.

घरच्या ग्रुपवर यावरून दोन दिवस वाद चालू होता. काकांचं म्हणणं, आपल्याकडे कुणीही उठतो आणि लॅब टाकतो, अमेरिकेत असलं चालत नाही. मावसभाऊ म्हणाला, चालत नाही तर मग ती रक्त तपासणीची फसवी कंपनी, थेरानोस, कुठं झाली? शेवटी दोघंही म्हणाले, तू तिथंच राहतोस, तूच सांग.

खरंच तिथंच राहतो मी. कॅलिफोर्नियातल्या आमच्या फ्रीमाँटला चिकटून न्यूअर्क आहे, थेरानोसची लॅब तिथंच होती.

2003 साली 19 वर्षांच्या एलिझाबेथ होम्सनं कंपनी काढली आणि स्टॅनफर्डचं शिक्षण सोडलं. बोटातल्या थेंबभर रक्तावर शेकडो टेस्ट करतो म्हणाली, बोर्डावर हेन्री किसिंजर, जॉर्ज शुल्ट्झ असे माजी परराष्ट्रमंत्री, 2014 ला कंपनीची किंमत 9 अब्ज डॉलर धरली गेली. आणि त्यांचं एडिसन नावाचं मशिन? त्यावर मोजक्याच टेस्ट व्हायच्या, त्याही धड नाहीत. बाकीच्या टेस्ट बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या मशिनवर, आणि बोटातलं रक्त त्यांना पुरत नाही म्हणून बऱ्याचदा ते पातळ करून. बोट दाबून काढलेल्या रक्तात बोटाच्या मांसातलं पाणी मिसळतं, पेशी फुटतात, पोटॅशियम उगाच वाढलेलं दिसतं.

अण्णांचं रक्त न्यायला सकाळी सातला लॅबचा मुलगा येतो. निळ्या झाकणाची ट्यूब असते, त्यात आधीच औषध घातलेलं, रक्त बरोबर रेघेपर्यंत भरलं नाही तर आयएनआर चुकतो. मी सुट्टीत घरी होतो तेव्हा एकदा ट्यूब अर्धीच भरली, तर तो पोरगा म्हणाला, "अण्णा, माफ करा, दुसऱ्या हातातून परत घ्यायला लागंल." अण्णा चिडले, पण त्यानं परत टोचलंच. न्यूअर्कच्या त्या लॅबमध्ये सरकारी तपासणीत काय सापडलं तर याच आयएनआर टेस्टची गुणवत्ता तपासणी गडबडलेली असताना 2015 च्या एप्रिल ते सप्टेंबरमधे 81 पेशंटना रिपोर्ट दिले होते. हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर अण्णाच आले.

मग काकांचं बरोबर का मावसभावाचं? इथं 1988 चा लॅबचा कायदा आहे, पण लॅबनं स्वतः बनवून स्वतःच वापरायच्या टेस्टना तेव्हा एफडीएची, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या सरकारी खात्याची, परवानगी प्रत्यक्षात लागायची नाही, त्या फटीतूनच थेरानोस आत शिरली. पण एरिका चंग नावाच्या कोवळ्या वयाच्या मुलीनं थेरानोसच्या लॅबमधली नोकरी सोडल्यावर सरकारला पत्र लिहिलं तेव्हा ते वाचून लॅबच्या दारात जाणारं आणि 2016 मधे लायसन रद्द करणारं कुणीतरी होतं. दोन वर्षांचे एडिसनवरचे सगळे रिपोर्ट कंपनीला मागे घ्यावे लागले, ॲरिझोनात पावणेदोन लाखाहून जास्त लोकांना टेस्टचे पैसे परत मिळाले.

तरी मला अमेरिकेचं कौतुक करवत नाही. जानेवारी 2022 मधे होम्स दोषी ठरली ती गुंतवणूकदारांना फसवलं म्हणून, पेशंटच्या आरोपांतून ज्युरीनं सोडलं. तिचा जोडीदार बलवानी मात्र पेशंटना फसवल्याबद्दलही दोषी ठरला. होम्सच्या खटल्यात ज्यांचे पैसे गेले त्यांना फसवलं हे सिद्ध झालं आणि ज्यांचं रक्त घेतलं त्यांचं झालं नाही, हे मला अजून गिळता येत नाही.

आपल्याकडे तर दार ठोठवणारंच कुणी नाही. दवाखाने आणि लॅबची नोंदणी करायला लावणारा केंद्राचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्रानं घेतलेला नाही. 2017 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण झालेल्या डॉक्टरचीच सही हवी, पण ती आहे का हे गल्लीतल्या लॅबमधे जाऊन बघणार कोण? आणि कांडीवाल्या मशिनला तर सहीच लागत नाही. वाद सही कुणाची, लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केलेले डीएमएलटीवाले विरुद्ध एमडी डॉक्टर, एवढ्यावरच अडकलाय, त्यात आमचा सातला येणारा पोरगा उगाच भरडला जातो, आणि शिबिरवाले पुढच्या गावात मंडप टाकून मोकळे.

अण्णांचा आयएनआर आता 2.7 आहे. शिबिराचा तो रिपोर्ट ते रद्दीत टाकणार होते, भावाला सांगून ठेवलाय, टाकू देऊ नकोस, महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याला अर्ज लिहितोय, त्याला तोच जोडायचाय.